पावसात क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारला आणि लाल ८०० चं मॉडेल दुधाळ झालं, वाचवता येईल का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःचीच फजिती झाली म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे बाबांची ९४ ची मारुती ८०० आहे, लाल, चार गियरवाली, कार्ब्युरेटरची. मी दुसरीत होतो तेव्हा घरी आली. २०२१ च्या चिपळूणच्या पुरात वाचली कारण त्या आठवड्यात नेमकी मामाकडे कऱ्हाडला होती, नाहीतर तेव्हाच विषय संपला असता. आता पासिंग २०२४ ला संपलंय आणि ह्या वेळी परत करायचं नाही असं घरात ठरलं (म्हणजे आईने ठरवलं, बाबा गप्प बसले). दिवाळीच्या आत स्क्रॅपला जाणार. तर मनात आलं की जायच्या आधी तिचं १/२४ मध्ये मॉडेल करून बाबांना द्यावं. किट्स मी चारेक वर्षं करतोय, तामिया ह्या जपानी कंपनीची पाच झाली, म्हणजे अगदीच नवखा नाही पण उस्तादही नाही.

८०० चं प्लॅस्टिकचं किट शोधून शोधून मिळालं नाही, शेवटी एकाकडून रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून बॉडी मागवली. मोजली तर लांबी १३९ मिमी रुंदी ६०, खऱ्या गाडीच्या ३३३५ आणि १४४० ला २४ ने भागलं की हेच येतं, त्यामुळे मी खूश. घासली, प्रायमर मारला, लाल मारला, सगळं व्यवस्थित. शनिवारी क्लिअर मारला, साधा स्प्रे कॅन, मागच्या पडवीत, बाहेर धो धो पाऊस. मारला तेव्हा काचेसारखी चकचकीत दिसत होती, आत जाऊन चहा घेऊन आलो तर टपावर आणि बॉनेटवर दुधावर साय धरते ना तसं पांढरं आलेलं. पुसलं, जात नाही. दुसरा दिवस गेला, जात नाही. मॉडेलच्या पेट्रोल टाकीच्या बाजूला आतून हात लावला तर तिथे थोडं चिकट पण लागतंय, ते वेगळंच.

दुसरा प्रश्न, खऱ्या गाडीचा. जूनपासून शेडमध्ये उभी आहे, परवा दरवाज्यांची मापं घ्यायला म्हणून जरा पुढे काढायला गेलो तर मागची चाकं हलेचनात. हँडब्रेक खाली आहे तरी. बॅटरी तर मेलेलीच आहे. काय करू?

आणि तिसरा (शेवटचा, शप्पथ): प्रिंटबरोबर टायर आले नाहीत. १२ इंची रिमचे टायर १/२४ मध्ये कुठून आणू?

स्प्रूवाला

दुधाळ झालंय ह्याला घाबरू नका, आम्ही सगळे एकदा तरी ह्यातून गेलोय. माझी पहिली जिप्सी अशीच पिठात लोळून आल्यासारखी झाली होती आणि मी रागाच्या भरात ती कचऱ्यात टाकली, नंतर कळलं की वाचली असती.

होतं काय की क्लिअर म्हणजे लॅकरच, त्यातलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, हातावर सॅनिटायझर घेतला की गार लागतं तेच. आता तो भाग बाहेरच्या हवेपेक्षा गार झाला की गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो तसं हवेतलं पाणी त्यावर बसतं, आणि वरून रंग सुकत आला की ते बारीक बारीक थेंब आतच अडकतात. तुमच्याकडे श्रावणात आर्द्रता ९० च्या वर असते, त्यात स्प्रे कॅनमधून निघणारा फवारा आधीच गार असतो, म्हणजे सगळंच जमून आलं. लाल, काळा, गडद निळा ह्यांच्यावर हे जास्त डोळ्यात भरतं, पांढऱ्या गाडीवर तुम्हाला नुसतं चमक गेल्यासारखं वाटलं असतं.

आत्ता लगेच पेपरने घासायला जाऊ नका. आधी आठवडाभर कोरड्या जागी ठेवा. मी झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतलाय, खाली सिलिका जेल पसरलेलं, वर जाळी, जाळीवर मॉडेल. घरी एसी असेल तर ड्राय मोडवर खोलीत दोन तास ठेवलं तरी फरक पडतो. चुलीजवळ किंवा गॅसजवळ मात्र नको, रेझिनच्या पातळ कडा वाकतात, माझ्या एका फियाटचा दरवाजा असाच केळ्यासारखा झालाय.

नंतर परत क्लिअर मारताना कॅन कोमट पाण्यात (कोमट म्हणजे अंघोळीचं, उकळतं नव्हे) दहा मिनिटं ठेवा, पाऊस थांबलेला दिवस बघा, दुपारची वेळ धरा, आणि एकदम ओला थर न मारता आधी दोन भुरभुरते थर. तीनचारशे रुपयांचा आर्द्रता मीटर मिळतो तो घ्याच, ६५-७० च्या वर काटा असेल तर त्या दिवशी डिकॅल (मॉडेलवरचे स्टिकर) कापा, काचा मास्क करा, पण लॅकरला हात लावू नका.

टायरचं सोपं आहे. तामियाचं १/२४ होंडा सिटी टर्बोचं किट बघा, त्या गाडीला पण १२ इंची रिम होतं. तुमच्या ८०० चा १४५/७० आर १२ टायर हिशोबाने २१ मिमीच्या आसपास येतो, सिटी टर्बोचा १६५/७० असल्यामुळे २२ च्या थोडा वर, म्हणजे मिलिमीटरभर मोठा आणि जरा रुंद. चाकाच्या कमानीत घासला तर आतून कमान खरवडा. शिवाय त्याच किटमध्ये डिकीत घडी घालून बसणारी छोटी मोटोकॉम्पो दुचाकी येते, ती आयतीच मिळेल, बायकोला दाखवायला बरी पडते की बघ एकावर एक फ्री.

ड्युको_कोल्हापूर

राम राम. मी मॉडेल बिडेल करत नाही, पोरगा करतो, त्याच्या फोनवर हे वाचलं. पण डेंटिंग पेंटिंगमध्ये २२ वर्षं गेली, हे दूध येणं आमच्या पाचवीला पुजलंय. पावसाळ्यात आम्ही थिनर बदलतो, हळू उडणारं घेतो, त्यात रिटार्डर टाकतो थोडं, म्हणजे रंग जरा वेळ ओला राहतो आणि आतलं पाणी निघून जातं. तुम्ही असं करा, नुसतं एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) रिटार्डर मिसळून लांबून हलकं मारा, वरचा थर परत मऊ होतो, पाणी उडतं, साय गायब. गाडीवर दहा मिनिटांचं काम आहे.

आता खरी गाडी. कोकणात पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून उभी करायचीच नाही, मागे ड्रम ब्रेक असतात, दमट हवेत शूवरचं लायनिंग (ब्रेकचं अस्तर) ड्रमला चिकटतं, केबल पण गंजते, मग हँडब्रेक खाली घेतला तरी आत शू सुटत नाहीत. गाडी गियरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा, एवढंच. आता काय झालं ते झालं. जॅक लावून मागचं चाक उचला, खाली स्टँड किंवा लाकडी ओंडका टाका, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नगा. चाक काढा आणि ड्रमला लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोका, हळू, ओतीव लोखंड आहे, घण घातला तर चिरेल. सुटला की ड्रम उघडून बघा, कधी कधी लायनिंग शूवरून उपटून ड्रमलाच चिकटून बसतं, तसं असेल तर ती गाडी रस्त्यावर घ्यायची नाही.

बॅटरीची काळी वायर काढून ठेवायला हवी होती जूनमध्येच. आता चार्जिंगला टाका. चालू करताना चोक ओढा आणि लगेच नाही झाली म्हणून घाबरू नका, तीन महिन्यांत कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, टाकीतून येईपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारायला लागतो. आणि बॉनेट उघडताना सांभाळून, उंदरांनी संसार थाटलेला असतो.

मिसिसागाची_मीनल

ड्युकोदादा, बाकी सगळं मान्य पण एनसी थिनरला माझा हात वर आहे! पत्र्यावर ठीक, पण मॉडेलच्या प्लॅस्टिकला ते चक्क विरघळवतं. इथे रेझिन आहे म्हणून बॉडी कदाचित वाचेल पण खालचा लाल आणि प्रायमर सुरकुतून वर येईल. मॉडेलवाल्यांसाठी रिटार्डर घातलेलं सौम्य थिनर मिळतं, मिस्टर लेव्हलिंग थिनर वगैरे, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) असेल तर ते नुसतंच लांबून धुक्यासारखं मारायचं. वाशिष्ठीकाठ, तुमच्याकडे एअरब्रश आहे का ते तुम्ही सांगितलंच नाहीये. नसेल तर सरळ रस्ता, पूर्ण सुकू दे, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून वरची साय हळूच घासा, कडांना आणि बॉनेटच्या रेषांना अजिबात दाबू नका नाहीतर लाल निघून प्रायमर दिसेल, आणि मग परत क्लिअर. आणि जे काय कराल ते आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर करून बघा, त्याच रंगाचे त्याच क्रमाने थर देऊन. माझ्याकडे असे रंगीत चमचे सत्तर-ऐंशी झालेत, सासूबाई आल्या होत्या तेव्हा विचारत होत्या भातुकली आहे का म्हणून.

ते चिकट लागतंय ते क्लिअरचं नाही, रेझिन कच्चं राहिलंय. प्रिंट अल्कोहोलमध्ये नीट धुतली गेली नाही किंवा आतल्या कोपऱ्यात यूव्ही पोचला नाही की असं होतं. आतून रंग नाहीये ना, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन आतूनच पुसा आणि उन्हात ठेवा. ऊन नसेलच तुमच्याकडे, तर नेलपॉलिश सुकवायचा यूव्ही दिवा चालतो, बहिणीकडून वगैरे मागून घ्या, दिवा आतल्या बाजूने दाखवायचा. हे आधी करा, क्लिअर नंतर. कच्च्या रेझिनवरचा रंग आज ना उद्या पापुद्रे सोडतोच.

आमच्याकडे कॅनडात उलट रडगाणं आहे. जानेवारीत हीटर चालू म्हणून घर इतकं कोरडं की प्लॅस्टिक घासलं की त्यात वीज भरते आणि घरातला प्रत्येक केस उडत येऊन बॉनेटवर बसतो, आमचा कुत्रा पण पांढरा आहे. मी रंगवायच्या आधी ओल्या फडक्याने पुसते आणि बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडून वाफ बसू देते, मग तिथेच रंगवते. तुमची थोडी हवा बाटलीत भरून पाठवा.

अजून एक, पॅनेल लाइनमध्ये (दरवाजे, बॉनेटच्या फटींच्या रेषांत) काळा भरू नका, लाल गाडीवर काळ्या रेघा म्हणजे लहान मुलांच्या चित्रकलेच्या वहीसारखं दिसतं. गडद तपकिरी किंवा लालच, पण काळपट केलेला.

ड्युको_कोल्हापूर

ताई बरोबर बोलल्या, मी पत्र्याचा हिशोब केला. पोरानं पण आत्ता तेच सांगितलं आणि वर हसला. थिनर नका मारू.

वाशिष्ठीकाठ

अरे वा, इतक्या लवकर इतकी उत्तरं! एअरब्रश नाहीये, त्यामुळे मीनलताईंचा वॉटर पेपरवाला मार्ग. वहिनीकडे नेलपॉलिशचा दिवा निघाला, तिने तीन वेळा विचारलं नक्की कशाला पाहिजे.

ब्रेकचं आज संध्याकाळी बघतो, शेजारचे काका येणार आहेत मदतीला.

एक नवीनच गोंधळ. मी लाल मारला तो तामियाचा इटालियन रेड, टीएस-८, कारण तोच मिळाला. काल मॉडेल गाडीशेजारी धरून बघितलं तर जमीन अस्मानाचा फरक. आमची गाडी उन्हाने पार उडून गेली आहे, टप तर गुलाबी झालाय, बाजू विटकरी. म्हणजे आता क्लिअर घासून काढणारच आहे तर रंगही बदलावा का? गाडी आज आहे तशी करू का नवीन आली तेव्हा होती तशी? नवीन होती तेव्हा कशी होती हे मला नीट आठवत पण नाही, फोटो सगळे पुरात गेले.

स्प्रूवाला

हा प्रश्न रंगाचा नाहीये, पण असो. मी असतो तर आज आहे तशी केली असती, ओरखड्यांसकट, उडालेला रंग करायला मजा येते, गुलाबी बेसवर लालचे पातळ थर द्यायचे आणि टपावर ते मुद्दाम कमी ठेवायचे. पण मला गंजक्या गाड्याच आवडतात, माझं ऐकू नका.

ड्युको_कोल्हापूर

नवीन असताना कशी होती ते गाडीनेच जपून ठेवलेलं असतं. दरवाजा उघडा, चौकटीवरचं रबर बोटाने उपसा, त्याच्या खाली ऊन कधी पोचलेलं नसतं. पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत पण बघा, आणि डिकीतल्या स्टेपनीखाली. इन्शुरन्सच्या गाडीचा रंग जुळवताना आम्ही तिथूनच घेतो शेड. सकाळच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटमध्ये लाल रंग फसवतो. तिथे जरा पॉलिश घासलं की ९४ चा लाल हातात.

बारामतीची_झेन

मॉडेलमधलं मला काही कळत नाही, खऱ्या गाडीबद्दल एक सांगायचं होतं. गाडी स्क्रॅपला देताना कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. आमच्या काकांनी तसंच केलं आणि आरसी त्यांच्याच नावावर राहिली, पुढे त्या गाडीचे पार्ट कुठे कुठे गेले देव जाणे, त्यांना वर्षभर धाकधूक. सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, ते डिपॉझिटचं सर्टिफिकेट देतात, ते दाखवून आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. दंड बाकी असतील तर आधी भरून टाका. आणि पासिंग संपलेली गाडी स्वतः चालवत नेऊ नका, त्यांची टोइंगची सोय आहे का विचारा, बऱ्याच जणांकडे असते.

पासिंग परत करायचं म्हटलं तर होतंही म्हणा, दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं, पण गाडी तपासणीत बसली पाहिजे, वर पर्यावरण कर. आईंचं बरोबर आहे.

मिसिसागाची_मीनल

मी एक शंका काढू का, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही टाकलेल्या फोटोतली बॉडी नीट बघितली. ८०० चे दोन मुख्य आकार आहेत, डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी दिली गेली तो एकदम चौकोनी, आणि ८६ पासूनचा जरा गोलसर, जो पुढे २०१४ ला उत्पादन बंद होईपर्यंत कमीजास्त बदलत चालला. तुमची प्रिंट ह्या दुसऱ्या आकाराचीच आहे, ते ठीक, पण पुढची जाळी आणि बंपर नंतरच्या, म्हणजे ९७ च्या बदलानंतरच्या गाडीचे वाटतायत. ९४ च्या गाडीला असा बंपर नसणार. खरी गाडी शेडमध्येच आहे तर जाऊन बघा ना.

वाशिष्ठीकाठ

मीनलताई, तुमचे डोळे आहेत की स्कॅनर. बघून आलो, खरंच वेगळा आहे. आता बंपर एव्हरग्रीन कंपनीच्या प्लॅस्टिक पट्टीचा करतोय, साधाच काळा आहे, जमेल.

वाशिष्ठीकाठ

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, मधे गणपती होते. अपडेट देतो.

ब्रेक सुटले. उजवा ड्रम दहा मिनिटांत, डावा मात्र दोन संध्याकाळी खाऊन गेला, आणि ड्युकोदादा म्हणाले तेच, डाव्या बाजूचं लायनिंग अर्धं उपटलेलं निघालं. त्यामुळे गाडी रस्त्यावर नाही काढली, अंगणातल्या अंगणात फक्त. बॅटरी चार्ज करून पण उठली नाही, शेवटी दुसऱ्या गाडीवरून केबल लावून चोक ओढून सातव्या-आठव्या प्रयत्नात चालू झाली, धूर इतका की शेजारच्या आजींनी खिडकी लावून घेतली. उंदीर होते. एअर फिल्टरच्या डब्यात भाताच्या पेंढ्याचं घरटं, बाळं नव्हती सुदैवाने. बाबा चालू इंजिनजवळ बराच वेळ उभे होते, मग म्हणाले टॅपेट वाजतायत, आणि आत गेले.

दरवाज्याच्या रबराखाली खरा लाल सापडला. इटालियन रेडपेक्षा किंचित गडद आणि थंड, त्यामुळे सगळं घासून परत रंगवलं, ह्या वेळी गुलाबी प्रायमरवर. मीटर घेतला. ८८, ९१, ९०, ८६ असे बारा दिवस गेले, रोज सकाळी देवाला नमस्कार केल्यासारखा मीटर बघायचो. मग एका दुपारी ऊन पडलं आणि ६४ आला, जेवण अर्धं सोडून क्लिअर मारला. साय नाही! टपावर संत्र्याच्या सालीसारखं बारीक दिसतं पण खऱ्या ८०० चा रंग तरी कुठे आरशासारखा होता. टायर सिटी टर्बोचे बसले, पुढे कमान थोडी खरवडावी लागली. मोटोकॉम्पो पुतण्याने पळवली.

काल बाबांना दाखवलं. दिवाळीपर्यंत थांबणार होतो पण राहवलं नाही. त्यांनी चष्मा लावला, हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघितली, खालून पण. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. म्हणाले, डाव्या बाजूचा आरसा काढ, आपल्याला एकच होता, उजवीकडचा, डावा घ्यायचा तर जास्तीचे पैसे पडत होते.

तर आता प्रश्न असा, आरसा काढला की दरवाज्यावर दीड मिलिमीटरचं भोक राहतंय, क्लिअर तर मारून झालाय. एनसी पुट्टी भरून तेवढ्याच भागाला रंग मारला तर डाग दिसेल का अख्खा दरवाजा परत करू?

ड्युको_कोल्हापूर

अख्खा दरवाजा. तुकडा मारला की दिसतोच, गाडी लहान असो का मोठी. पुट्टी पातळ भरा, दोनदा, एकदम भरली की सुकल्यावर खाली बसते. आणि मीटर बघून मारा.